चेटकिणीची कढई आणि पगाराचे पैसे

मोबाइलच्या पडद्यावर जांभळा अंधार, मधोमध उकळणारी कढई आणि शेजारी टोकदार टोपीतली चेटकीण. काळी मांजर, घुबड, झाडू, औषधाच्या बाटल्या अशी चित्रे पाच उभ्या पट्ट्यांवर गरगर फिरतात. पट्ट्या थांबल्यावर ठरलेल्या रेषेत सारखी चित्रे आली की पैसे. चेटकीण आली तर ती हव्या त्या चित्राची जागा घेते, तीन कढया आल्या तर काही फेऱ्या फुकट. ‘स्लॉट’ नावाच्या ऑनलाइन जुगारातला हा एक लोकप्रिय साचा. यात खेळाडूचे कौशल्य शून्य. त्याने फक्त बटण दाबायचे.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरच्या सणसवाडी, रांजणगाव या औद्योगिक पट्ट्यात घरापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणारे कामगार खूप आहेत. पाळी संपल्यावरचा रिकामा वेळ, हातात स्मार्टफोन आणि त्याला जोडलेले पगाराचे खाते, एवढ्या सामग्रीवर हा जुगार चालतो. म्हणूनच तो आतून कसा चालतो, हे समजून घ्यायला हवे.

निकाल आधीच ठरलेला

पट्ट्या फिरतात तो केवळ देखावा. बटण दाबताक्षणी संगणक यादृच्छिक आकडा काढतो आणि निकाल तिथेच ठरतो. प्रत्येक फेरी स्वतंत्र असते. ‘शंभर फेऱ्या कोरड्या गेल्या, आता लागणारच,’ हा समज म्हणूनच खोटा. मागच्या फेऱ्या खेळाडूला आठवतात, खेळाला नाही.

‘९६ टक्के परतावा’ ही जाहिरातही नीट वाचावी. दहा रुपयांची एक फेरी, मिनिटाला दहा फेऱ्या, म्हणजे तासाला सहा हजार रुपये पणाला लागतात. त्यातले चार टक्के, म्हणजे सरासरी २४० रुपये, दर तासाला जातात. एखाद्याला मध्येच मोठी रक्कम लागते, पण खेळत राहिले की हिशेब तोट्याकडेच झुकतो. बेकायदा ॲपवर तर हा आकडा खरा आहे की नाही, हे तपासणारेही कोणी नसते.

मेंदूची फसगत

दोन कढया आल्या, तिसरी जराशी हुकली. हा खरे तर साधा पराभव. पण ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की थोडक्यात हुकल्यावरही मेंदूतील जिंकण्याशी निगडित भाग उद्दीपित होतात आणि पुन्हा खेळण्याची इच्छा वाढते. दुसरी युक्ती आवाजाची. दहा रुपये लावून चार परत आले, तरी नाणी खणखणतात, चेटकीण हसते. सहा रुपये गेले, पण शरीर विजय साजरा करते. त्यात बक्षीस कधी लागेल याचा नेम नसल्याने सवय अधिकच चिवट होते.

आजार, आणि त्यावर उपचार

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराच्या व्यसनाची स्वतंत्र नोंद आहे. गेलेले पैसे भरून काढण्यासाठी पुन्हा खेळणे, घरी खोटे सांगणे, उसनवारी, झोप उडणे, न खेळल्यास चिडचिड ही त्याची लक्षणे. अशा वेळी घरच्यांनी फक्त कर्ज फेडून विषय मिटवू नये. पगाराचे व्यवहार काही काळ विश्वासू माणसाकडे द्यावेत, ॲप काढून टाकावे आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. समुपदेशनाने ही सवय आटोक्यात येऊ शकते. सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. त्यात शिक्षेची तरतूद खेळ चालवणाऱ्यांना आहे, केवळ खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे पोलिसांच्या धास्तीने व्यसन लपवत बसण्याचे कारण नाही. कर्जाचा आकडा वाढण्याआधी मदत मागितलेली बरी.