खांबाशी सलगी

गेल्या श्रावणात आमच्या घरी जेवणाच्या पानावर एक लहानसा स्फोट झाला. आमची कन्या मुक्ता, वय वर्षे १९, वरणभात कालवता कालवता सहज म्हणाली, "बाबा, मी पोल डान्सचा क्लास लावतेय."

सौभाग्यवतींच्या हातातली तुपाची वाटी जागच्या जागी थांबली. मी मराठीचा प्राध्यापक. शब्द सुचणे हा माझ्या पोटापाण्याचा भाग. पण त्या क्षणी एकही शब्द मदतीला आला नाही. माझे वडील, अण्णा, मात्र काहीही न बोलता पानावरून उठले. वाचकहो, अण्णांनी पानात शीत टाकलेले मी जन्मात पाहिले नव्हते. त्या दिवशी निम्मा भात तसाच राहिला.

माझी हरकत काय असणार, हे सांगायला नकोच. हिंदी चित्रपटांनी हा खांब आपल्याला दाखवला तो खलनायकाच्या अड्ड्यावर, धुराच्या लोटांत. मुक्ताने मोबाइलवर स्पर्धांची चित्रे दाखवली. पिळदार दंडांच्या बाया एका हाताच्या जोरावर खांबाला आडव्या लटकत होत्या. ह्या खेळाच्या अंगात सर्कशीतला खांब आणि रात्रीच्या क्लबांतला नाच असे दोन्हीकडचे रक्त आहे, हे तिनेच कबूल केले; पण आता त्याचे नियम आहेत, पंच आहेत, २०१७ साली जागतिक क्रीडासंघटनांच्या महासंघाने त्याला निरीक्षकाचा दर्जा दिला होता, हेही ऐकवले. प्राध्यापक कोंडीत सापडला की व्याख्यान देतो. मीही दिले. "एवढीच खांबाची हौस आहे, तर आपला मल्लखांब काय वाईट आहे?"

मग बाळंभटदादा देवधरांची कथा आलीच. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आव्हान घेऊन आले. कोवळ्या वयाच्या बाळंभटाने ते स्वीकारले, वणीच्या सप्तशृंगीपाशी जाऊन उपासना केली, आणि मारुतीने दृष्टान्त देऊन लाकडी खांबावरची मेहनत शिकवली, अशी परंपरा सांगते. दृष्टान्ताचे सोडा, पण ह्या विद्येला नवा जन्म दिला तो ह्या गृहस्थाने. तशी तिची मुळे फार जुनी. चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही मल्लांच्या खांबावरच्या मेहनतीचा उल्लेख सापडतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवले, आणि २०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मी इथवर आलो तेव्हा मुक्ताने हात धुता धुता विचारले, "बाबा, तुम्ही कधी चढला होतात का हो?"

झाले! दुसऱ्या सोमवारी पहाटे सहाला आम्ही बापलेक पेठेतल्या व्यायामशाळेत हजर. करार असा ठरला, की तीन महिने तिने माझ्याबरोबर मल्लखांब करायचा, आणि मग तिला हवे ते तिने ठरवायचे.

खांब लांबून पाहणे वेगळे आणि त्याच्यापुढे लंगोट कसून उभे राहणे वेगळे. जमिनीवर साडेआठ फुटांच्या आसपास उंची, बुंध्याशी पावणेदोन फुटांचा घेर, वर निमुळता होत गेलेला, मग बारीक मान आणि माथ्यावर बोंड. सागवानी किंवा शिसवी लाकूड वर्षानुवर्षे एरंडेल पिऊन काळेभोर तुळतुळीत झालेले. एरंडेल कशासाठी? नुसते लाकूड कातडी सोलून काढते. तेल कमी पडले तर अंग भाजते, जास्त झाले तर माणूस सुळकन खाली येतो. म्हणून नवख्याने तेलाच्या वाटीला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला कायदा.

आमचे सर पन्नाशीचे, सडपातळ, कमी बोलणारे. पहिले पंधरा दिवस त्यांनी मला जमिनीवरून उचलू दिले नाही. सूर्यनमस्कार, बैठका, खांद्यांची वर्तुळे, मनगटे, मांड्या. मग आडव्या दांड्याला लोंबकळायचे. पण लोंबकळतानाही खांदे कानांशी सैल सोडायचे नाहीत, खाली ओढून धरायचे. "खांदा सैल पडला की सगळं ओझं सांध्याच्या दोऱ्यांवर येतं. ओझं स्नायूंनी उचलायचं," हे त्यांचे त्या पंधरवड्यातले सर्वांत लांब वाक्य. तिसऱ्या आठवड्यात शिकवले काय, तर उतरणे! कमरेइतक्या उंचीवर खांबाला बिलगायचे आणि गादीवर उतरायचे. दोन्ही पाय बरोबर टेकवायचे, आधी चवडे, मग टाचा, गुडघे वाकलेले, हात पुढे. हात जमिनीकडे न्यायचा नाही. असे दिवसातून तीसतीस वेळा. ज्या मुलांना मी कॉलेजात शिकवतो त्यांच्या वयाची पोरे शेजारी वरखाली करत असताना हा गद्य व्यायाम करणे म्हणजे अहंकाराला एरंडेलच.

त्यानंतर अढी. म्हणजे खांबाला पायांनी घट्ट विळखा घालून हात मोकळे करणे. भाषेच्या माणसाला गंमत वाटली. मनातली अढी सोडवता सोडवत नाही, आणि ही पायांची काही केल्या बसत नाही! मांड्यांच्या आतल्या बाजूला जांभळे डाग उठले. सर म्हणाले, "डागांना भ्यायचं नाही, दुखऱ्या सांध्याला भ्यायचं. कातडी निबर होते, सांधा होत नाही." बधिरपणा आला, मुंग्या आल्या, सांध्यात कळ आली की त्या दिवसापुरते थांबायचे. प्रत्येक पकड उजवीकडून तितकीच डावीकडून करायची, आणि लागोपाठ दोन दिवस नाही. रक्तदाब असलेल्यांनी, काचबिंदू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून उलटे व्हायचे नाही, अशी पाटीच भिंतीवर आहे. मुक्ता दोरीच्या मल्लखांबाकडे वळली. अठराएक फूट सुती दोर पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात धरून ती चढे, आणि मी खालून पाहत राही.

पाचव्या आठवड्यात मी व्हायचा तो मूर्खपणा केला. एका दहा वर्षांच्या चिमुरड्याने माझ्या देखत दसरंग मारला. हातांनी खांब धरायचा, पाय डोक्यावरून नेऊन खांबाला विळखा घालायचा, आणि उलटे वर चढत जायचे. त्याला ते शेंगा सोलण्याइतके सोपे जात होते. सर पलीकडे दोरीपाशी होते. मी खांब धरला, आणि पोटाच्या ताकदीने पाय उचलायचे त्याऐवजी जमिनीला लाथ मारून ते भिरकावले. पाय गेले वर. अंग मात्र तिथवर पोचलेच नाही. डाव्या खांद्यात काहीतरी चिरकन ओढले गेले आणि मी आडवा आलो, निम्मा गादीवर, निम्मा बाहेर. तीस तीस वेळा घोकलेले उतरणे आठवले म्हणून हात खाली टेकला नाही, एवढेच काय ते नशीब. डॉक्टरांनी खांद्याचा स्नायू दुखावल्याचे निदान केले आणि तीन आठवडे हात झोळीत.

घरी आलो तर अण्णा ओसरीवरच. झोळीकडे त्यांनी एकदा पाहिले आणि आत गेले. रात्री निजानीज झाल्यावर माझ्या खोलीत आले, खुर्ची ओढून बसले आणि आपला डावा हात दिव्याखाली धरला. तो हात मी जन्मापासून पाहत आलो आहे. कोपरातून सरळ होत नाही. धोतर नेसताना, बादली उचलताना तो कायम किंचित वाकलेला. आंब्यावरून पडल्याची हकीकत आम्हा भावंडांना तोंडपाठ होती.

"आंबाबिंबा काही नाही," अण्णा म्हणाले. "मल्लखांब."

१९६१ सालचा पावसाळा. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावची तालीम. वस्ताद बाजाराला गेलेले. अण्णा तेरा वर्षांचे, आणि सवंगड्यांपुढे बोंडावर उभे राहून दाखवायची पैज. चढले. वर उभेही राहिले. पण चढण्याचीच घोकंपट्टी झालेली. उतरण्याचा धडा कोणी दिला नव्हता. बसकण मारली आणि मानेला मिठी मारून, हातांतले बळ संपेपर्यंत, तसेच राहिले. खाली हौद्यातली माती पावसाने दगडासारखी चोपून बसलेली. हात सरळ पुढे करून पडले. सगळा हिसका मनगटातून कोपरात गेला. हाडवैद्याने बांधले ते तसेच जुळले. खरे सांगितले असते तर आमच्या आजोबांनी तालमीला कुलूप घालायला लावले असते आणि गावच्या पोरांचा आखाडा बुडाला असता, म्हणून सगळ्यांनी मिळून आंब्याचे झाड उभे केले.

"पोरगी नाचणार म्हणून नव्हतो उठलो रे मी पानावरून," अण्णा म्हणाले. "खांब म्हटलं, आणि घास उतरेना."

करार संपायला आठवडा असताना मुक्ता तो पोल डान्सचा वर्ग पाहायला निघाली. माझा हात झोळीतून सुटलेला होता. अण्णा म्हणाले, "मी येतो." कोट घालून, काठी घेऊन आले.

वर्ग म्हणजे आरसे लावलेली एक लांबट खोली आणि जमिनीपासून छतापर्यंत पक्के केलेले चार चकचकीत धातूचे खांब. जाडी ४५ मिलिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावणारी. आमच्या शिसवी दादांपुढे अगदीच काटकुळे! शिकवणाऱ्या बाई तिशीच्या, बोलायला मोकळ्या. तोकड्या कपड्यांबद्दल माझ्या चेहऱ्यावर लिहिलेला प्रश्न त्यांनी आपणहून वाचला. इथे तेल वर्ज्य. धातूला कातडीच चिकटते, कापड सटकते, म्हणून मांडी, पोटरी, बगल उघडी ठेवायची. मला आमचा लंगोट आठवला आणि मी गप्प झालो. त्या दिवशी अंगाला लोशन लावून आलेल्या एका मुलीला त्यांनी खांबाला हात लावू दिला नाही. अंगठ्या, बांगड्या, घड्याळे बाहेर टोपलीत. पूड लावून तळहात कोरडे. काही खांब आपल्याभोवती फिरतात. नवख्याला तो फिरता खांब द्यायचा नाही, स्थिर द्यायचा. प्रत्येकीच्या खाली जाड गादी, आणि नवीन पकड असेल तर शेजारी बाई स्वतः उभ्या. घरी एकट्याने सराव नाही. जमीन आणि छत यांच्यात नुसत्या दाबाने बसवायचे खांब बाजारात मिळतात. ते आपल्या सदनिकांतल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या फसव्या छताला लावले तर छतासकट खाली येतील, असेही त्या म्हणाल्या. उलटे व्हायला किती दिवसांनी शिकवता, असे मी विचारले. "दिवसांवर नाही. पाय न भिरकावता, सावकाश वर नेता आले, की," त्या म्हणाल्या. माझा डावा खांदा उगाचच ठणकला.

अण्णा इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. तिथूनच त्यांनी विचारले, "बाई, उतरायला कधी शिकवता?"

बाईंनी एका नवख्या मुलीला खूण केली. ती दीड हात वर चढली, पोटऱ्यांची पकड घट्ट केली, खांदे खाली ओढले, आणि हात आळीपाळीने खाली आणत, गुडघे वाकवून, आवाज न करता गादीवर उतरली. "ही कालच आलीय," बाई म्हणाल्या. अण्णांनी मान डोलावली आणि मुक्ताला विचारले, "फी किती म्हणालीस?"

मुक्ता आता मंगळवारी आणि शुक्रवारी तिकडे जाते, रविवारी दोरीवर येते. सौभाग्यवतींनी अजून होकार दिलेला नाही. पण मांड्यांवरच्या डागांना लावायला त्यांनी बर्फ साठवून ठेवायला सुरुवात केली आहे. मी पुन्हा अढीपासून आरंभ केला. रविवारी अण्णा व्यायामशाळेत येतात. सरांची परवानगी घेऊन गादीच्या कडेला उभे राहतात आणि तो वाकडा हात माझ्या पाठीखाली धरतात. त्या हाताने माझे वजन पेलणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे.

गेल्या रविवारी मी प्रथमच मानेपर्यंत चढलो. तिथून खाली बरीच माणसे लहान दिसतात. घाबरलो, श्वास घेतला, आणि एक एक पकड सोडत खाली आलो. चवडे, टाचा, गुडघे.

"पुन्हा," अण्णा म्हणाले.