चंद्राची खबर आणि तिची तहकीक

शाबानची 29 तारीख आली की नाशिकच्या मोहल्ल्यांत आणि मालेगावच्या गच्च्यांवर सगळ्यांची नजर पश्चिमेकडे लागते. चांद कुणी पाहिला, पाहणारा भरवशाचा आहे का, रुयत-ए-हिलाल कमिटीने साक्ष कबूल केली का, हे सगळे विचारून मगच लोक तरावीहला उभे राहतात. चंद्राच्या एका बारीक कोरेसाठी आपण इतकी साक्ष मागतो. मोबाइलवर त्याच चंद्राबद्दल काहीही आले, तर मात्र ते वाचून संपायच्या आत आपण दहा जणांना पाठवून मोकळे होतो.

आम्ही शाळेत शिकवतो. चंद्राचा धडा सुरू केला की मुलांच्या दोन गोष्टी हमखास पुढे येतात. पहिली अशी, की नील आर्मस्ट्राँग यांनी चंद्रावर अजान ऐकली आणि परत येऊन इस्लाम स्वीकारला. दुसरी अशी, की चंद्राचे दोन तुकडे होऊन पुन्हा जुळल्याची खूण ‘नासा’ने फोटोत टिपली आहे. मुले या गोष्टी मोठ्या अभिमानाने सांगतात, कारण घरातल्या थोरांनीच त्या सांगितलेल्या असतात. म्हणून हा लेख मुलांइतकाच थोरांसाठीही आहे.

आधी पहिली गोष्ट. चंद्रावर हवा नाही आणि हवेवाचून आवाज पोहोचत नाही, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातच आहे. शिवाय आर्मस्ट्राँग यांनी स्वतः ही बातमी नाकारली होती. ती इतकी पसरली, की मार्च 1983 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आपल्या वकिलातींना कळवले, की आर्मस्ट्राँग यांनी धर्म बदललेला नाही आणि कुठल्याही धर्माचा अनादर करण्याचाही त्यांचा हेतू नाही. या गोष्टीला चाळीस वर्षे उलटून गेली, तरी ती खबर आजही फिरते आहे.

आता दुसरी. तो फोटो खरा आहे. मे 1969 मध्ये अपोलो 10 च्या अंतराळवीरांनी तो काढला. त्यात दिसणाऱ्या खाचेचे नाव ‘रीमा एरियाडेयस’. तिची लांबी सुमारे 300 किलोमीटर, म्हणजे चंद्राच्या घेराचा एक छोटासा भाग. जमिनीला दोन समांतर भेगा पडल्या आणि त्यांच्यामधली पट्टी खाली खचली, की अशी खाच तयार होते. चंद्रावर अशा खाचा आणखीही आहेत. शक्कुल-कमरचा मोजिजा ही ईमानाची बाब आहे. उलमांनी तिचा आधार कुरआन-हदीसमध्ये पाहिला, अमेरिकी कॅमेऱ्यात नव्हे. ज्या फोटोतून ती गोष्ट सिद्ध होत नाही, तो फोटो तिच्या पुराव्यादाखल दाखवला तर ईमानाला बळ मिळत नाही. उद्या मूल कॉलेजात जाईल, तिथे खरी माहिती वाचेल आणि घरच्यांनी सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही शंका घेऊ लागेल. हे नुकसान मोठे आहे.

तहकीक होते कुठे?

मग चंद्राबद्दलची, मंगळाबद्दलची खबर तपासली जाते कुठे? त्यासाठी जगभरच्या संशोधकांचा एक जलसा दरवर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळ भरतो. त्याचे नाव चंद्र व ग्रहविज्ञान परिषद. तो आठवडाभर चालतो. ज्याला काही सांगायचे असेल त्याने आधी दोन पानांचा निबंध पाठवायचा, मग काही मिनिटांत आपले म्हणणे मांडायचे आणि सगळ्यांसमोर प्रश्न झेलायचे. बोलणारा केवढाही मोठा असो, ‘हे कशावरून?’ या प्रश्नातून त्याची सुटका नसते.

या परिषदेची सुरुवात जानेवारी 1970 मधली. अपोलो 11 ने चंद्रावरून सुमारे साडेएकवीस किलो दगड-माती आणली होती. ती तपासणारे शास्त्रज्ञ प्रथमच ह्यूस्टनमध्ये एकत्र आले. अपोलोने आणलेल्या नमुन्यांचा अभ्यास आपल्याकडेही झाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. देवेंद्र लाल यांच्या गटाने ते काम केले.

त्या पहिल्या परिषदेत जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी कल्पना मांडली. चंद्राच्या काळपट मातीत त्यांना काही पांढरे कण सापडले होते. त्यांवरून त्यांनी म्हटले, की जन्मानंतर चंद्र वितळलेल्या खडकाच्या समुद्राने झाकलेला असावा. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही हे सालनाच्या पातेल्यावरून समजावतो. सालन आचेवरून उतरवले की तर्री वर येते आणि मसाला तळाशी बसतो. तसेच हलके पांढरे खनिज वर तरंगले आणि जड खनिजे खाली गेली. काही कणांवरून आख्ख्या चंद्राचा इतिहास सांगणे हे तेव्हा अनेकांना धाडसाचेच वाटले असेल.

ही कल्पना तपासण्यात पुढे आपल्या देशाचाही वाटा राहिला. 23 ऑगस्ट 2023 रोजी चंद्रयान-3 चंद्राच्या दक्षिण भागात, सुमारे 69 अंश अक्षांशावर उतरले. प्रज्ञान ही छोटी गाडी तिथे 103 मीटर फिरली आणि तिने 23 ठिकाणी मातीची तपासणी केली. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचे निष्कर्ष ऑगस्ट 2024 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापले. विषुववृत्ताजवळच्या मातीवरून 1970 मध्ये मांडलेल्या कल्पनेला दक्षिणेकडच्या मातीनेही दुजोरा दिला. एका दाव्याची साक्ष घ्यायला त्रेपन्न वर्षे थांबावे लागले आणि ती साक्ष भारताने दिली.

प्रत्येक दाव्याला असा दुजोरा मिळतोच असे नाही. चंद्र अगदी कोरडा आहे असे शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे मानत होते. 2009 मध्ये चंद्रयान-1 वरच्या उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या खुणा दाखवल्या आणि जुने मत बदलावे लागले. ते बदलताना कुणाची इज्जत गेली नाही. पुराव्यापुढे मत बदलणे या लोकांत कमीपणाचे मानत नाहीत.

आपल्या पायाखालचा दगड

टेक्सासच्या जलशाचा नाशिकशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आपल्या घराच्या जोत्यातच आहे. पांडवलेणी, ब्रह्मगिरी, चांदवडचे डोंगर, हे सगळे बसाल्ट या काळ्या दगडाचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. पौर्णिमेच्या चंद्रावर जे काळे डाग दिसतात तेही बसाल्टचेच. मंगळाचा बराचसा पृष्ठभागही त्याच दगडाचा आहे.

म्हणूनच बुलडाणा जिल्ह्यातले लोणार जगभरच्या ग्रहशास्त्रज्ञांना माहीत आहे. नाशिकहून जालन्यामार्गे एका दिवसात तिथे पोहोचता येते. आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने बसाल्टमध्ये तयार झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, आणि लोणार त्यांत उत्तम टिकलेले आहे. त्याचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आणि खोली सुमारे दीडशे मीटर. चंद्रावरची आणि मंगळावरची विवरे समजून घ्यायला ते कामी येते. त्यामुळे टेक्सासच्या परिषदेत लोणारचे निबंध वर्षानुवर्षे येत आले आहेत.

लोणारची नोंद अबुल फजल यांच्या ‘आईन-ए-अकबरी’तही सापडते. वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात डोंगरांनी वेढलेल्या या जागेचा आणि साबण व काच करायला लागणाऱ्या तिथल्या पदार्थांचा उल्लेख आहे. हे विवर कसे झाले याचा उलगडा बऱ्याच उशिरा झाला. काहींना ते ज्वालामुखीचे मुख वाटत होते. 1973 मध्ये तिथल्या दगडांत प्रचंड आघाताच्या खुणा सापडल्याचे ‘सायन्स’ नियतकालिकात छापून आले. त्या खुणांपैकी एक म्हणजे मॅस्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ.

हा पदार्थ शास्त्रज्ञांना पहिल्यांदा भारतात पडलेल्या दगडातच मिळाला होता. 25 ऑगस्ट 1865 रोजी बिहारमधल्या शेरघाटी गावाजवळ आकाशातून एक दगड पडला. 1872 मध्ये त्यात मॅस्केलिनाइट सापडले. पुढे त्याच जातीच्या, अंटार्क्टिकात मिळालेल्या एका दगडात अडकलेला वायू तपासला गेला. तो वायकिंग यानांनी 1976 मध्ये मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला. म्हणजे शेरघाटीचा दगडही मंगळावरून आलेला. आज जगात कुठेही असा दगड मिळाला तर त्याला ‘शेरगोटाइट’ म्हणतात, आपल्या शेरघाटीच्या नावावरून.

लोणारचे वयही असेच बदलत गेले. आधी ते पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानले जाई. 2011 मध्ये दुसऱ्या पद्धतीने मोजल्यावर सुमारे 5 लाख 70 हजार वर्षे आले. वर्गात हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “मग खरं कोणतं?” आम्ही तिला म्हटले, “ज्याची साक्ष जास्त पक्की, ते. आणि उद्या आणखी पक्की साक्ष आली, तर तीही ऐकायची.”

घरातून काय करता येईल?

परिषदेला प्रत्यक्ष जाणे आपल्यापैकी बहुतेकांना शक्य नाही. ऑनलाइन हजर राहायलाही शुल्क पडते. पण तिथले दोन पानी निबंध इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. अहमदाबादलाही आता भारतीय ग्रहविज्ञान परिषद भरू लागली आहे. टेक्सासमध्ये सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा मार्चमध्ये आपल्याकडे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. म्हणजे त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आपली मुले घरीच असतात.

मोहल्ल्यातली पाच-सहा मुले-मुली जमवा. इंग्रजी बरे येणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला किंवा मुलीला सोबत घ्या. आठवड्याला एकच निबंध निवडा आणि तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढा: यांनी काय पाहिले? ते कसे मोजले? अजून काय ठाऊक नाही? उत्तरे मराठीत आणि उर्दूत लिहिली तर उत्तम. ग्रह म्हणजे सय्यारा, उल्का म्हणजे शहाब-ए-साकिब, असे शब्द मुलांच्या ओठी येतात तेव्हा विषय त्यांना आपला वाटू लागतो. जमेल तेव्हा नाशिक महापालिकेचे तारांगण दाखवा. पुण्याच्या आयुका संस्थेत शाळकरी मुलांसाठी व्याख्याने होतात. पुण्याचीच ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणते आहे.

या गटात मुलींना मुद्दाम घ्या. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या हुशार मुली आम्ही खूप पाहिल्या आहेत. ‘पुढे करून काय करणार?’ या एका वाक्याने त्यांचा रस्ता बंद होतो. सूर्याच्या अभ्यासासाठी 2 सप्टेंबर 2023 रोजी निघालेल्या आदित्य-एल1 मोहिमेच्या प्रकल्प संचालक निगार शाजी होत्या. तामिळनाडूतल्या सेंगोट्टई या छोट्या गावच्या मुलीने काय केले, हे आपल्या मुलींना कळायला हवे.

हे सारे आपल्याला परकेही नाही. चंद्रावरच्या विवरांना अल-बिरुनी, अल-बत्तानी, अल-फरगानी, उलुग बेग यांची नावे आहेत. इब्न अल-हैसम यांचेही विवर आहे. बतलीमूससारख्या मान्यवराच्या ग्रंथांवरच्या शंका त्यांनी वेगळ्या किताबात नोंदवल्या होत्या. चंद्रावर त्यांची नावे लागली ती अशा मेहनतीमुळे.

खबर आली तर तहकीक करा, ही सूरह हुजुरातची ताकीद आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगणाऱ्याबद्दल हदीसमध्ये काय इशारा आहे, हेही वाचकांना ठाऊक आहे. ती ताकीद चंद्राच्या फोटोलाही लागू आहे. पुढच्या वेळी असा फोटो घरच्या ग्रुपवर आला, तर तो आधी घरातल्या मुलांच्या हाती द्या आणि म्हणा, “हे कशावरून, ते शोधून सांगा.” उत्तर येईपर्यंत तो कुणालाही पाठवू नका.