सीटला आठवतं ते काय?

घरात गाडी एक आणि चालवणारे दोघं. एक उंच, एक ठेंगणं. मेमरी सीट असेल, तर आपल्या क्रमांकाचं बटण दाबलं की सीट बरोबर आपल्या जागी येते. हे तिला आठवतं कसं?

सीटखाली बारा व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या मोटर असतात. पुढे-मागे सरकायला एक, उंचीसाठी दुसरी, पाठ कलायला तिसरी. मोटर गिअरमार्फत लांब स्क्रू फिरवते आणि सीट सरकते. गिअरची रचनाच अशी, की बसणाऱ्याच्या वजनाने मोटर उलटी फिरत नाही.

अनेक गाड्यांत मोटरच्या दांड्यावर चुंबक असतो. तो फिरला की शेजारचा हॉल सेन्सर विजेचे ठोके देतो. कंट्रोल युनिट ते मोजतं. सीटला आठवतो तो एवढा आकडा! बटण दाबल्यावर आकडा जुळेपर्यंत मोटर फिरते.

मोजणी चुकली, की सीट भलत्याच जागी थांबते. मग काही गाड्यांत ती टोकापर्यंत नेऊन मोजणी नव्याने सुरू करावी लागते. म्हणून बटण गाडी उभी असतानाच दाबावं. मागे बसलेल्या मुलाचे पाय मोकळे आहेत ना, ब्रेक पूर्ण दाबता येतो ना, छाती स्टिअरिंगपासून किमान २५ सेंटिमीटर दूर आहे ना, हे मात्र आपणच पाहायचं.