हवेतून भाकरीत

हिवाळा लागला, भरताची वांगी बाजारात आली, की खानदेशात कळण्याची भाकरी हवीच. धुळे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, साक्री तालुक्यात, पांझरेकाठच्या पिंपळनेरलाही तेच. ज्वारी आणि सालासकट अख्खे काळे उडीद एकत्र करायचे, त्यात थोडं जाडं मीठ टाकायचं आणि गिरणीतून दळून आणायचं. भाकरी काळपट होते, चवीला खमंग लागते. सोबत तेलातलं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा. या ताटात दूध नाही, तूप नाही, अंडं-मटण नाही. जे लोक प्राण्यांपासून मिळणारं सगळंच सोडून देतात त्यांना पहिला प्रश्न हमखास विचारला जातो तो प्रथिनांचा. त्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सगळ्यात सुंदर उत्तर या काळपट भाकरीत आहे, आणि ते उलगडत गेलं की शेवटी आपण आकाशापर्यंत पोचतो.

आपल्या शरीरातली प्रथिनं 20 अमिनो आम्लांची बनतात. त्यातली 9 शरीराला स्वतः करता येत नाहीत, ती खाण्यातूनच यावी लागतात. पेशी ही आम्लं माळेत मणी ओवावेत तशी ठरलेल्या क्रमानं ओवत जाते. एखाद्या रंगाचा मणी संपला की बाकीचे ढीगभर असले तरी माळ तिथंच थांबते. उरलेली आम्लं शरीर फार काळ साठवून ठेवत नाही. ती मोडली जातात, त्यांच्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे निघून जातो.

ज्वारीत हा कमी पडणारा मणी म्हणजे लायसिन. असा मणी कमी पडला की काय होतं, याचा लख्ख पुरावा ऑस्बोर्न आणि मेंडेल या दोन अमेरिकी संशोधकांनी 1914 साली दिला. त्यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झाईन दिलं. खाणं भरपूर असूनही उंदीर खंगत गेले. त्याच खाण्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही दोन आम्लं मिसळली आणि ते पुन्हा वाढू लागले. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन हे या झाईनच्याच कुळातलं आहे. त्यात आणखी एक अडचण अशी की ज्वारी पाण्यात शिजली की काफिरिनचे धागे एकमेकांत जास्तच घट्ट अडकतात आणि पचायला जड जातात.

आता थोडे आकडे. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम प्रथिन असतं, तितक्याच अख्ख्या उडदात 22 ग्रॅम. प्रौढ माणसाला दर ग्रॅम प्रथिनामागे 45 मिलिग्रॅम लायसिन हवं, असं जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. ज्वारीच्या प्रथिनात ते 23च्या आसपास भरतं, म्हणजे जेमतेम निम्मं. उडदाच्या प्रथिनात ते 60च्या वर जातं. चार वाटे ज्वारीला एक वाटा उडीद घातला, तर एकटा उडीद त्या चार वाटे ज्वारीपेक्षा जास्त लायसिन घेऊन येतो! मिसळलेल्या पिठाचं माप 37च्या घरात जातं. दोन वाट्यांना एक वाटा केला तर ते 44ला टेकतं. मला हे गणित पहिल्यांदा जमलं तेव्हा कागद खाली ठेववेना. लायसिन नावाचा पदार्थ जगात कुणाला ठाऊक नव्हता तेव्हाही धान्य-कडधान्याची ही सांगड जेवणात होतीच.

ही जोडी एकाच घासात हवी का? फ्रान्सिस मूर लापे या अमेरिकी लेखिकेनं 1971च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात तसं मांडलं होतं, आणि दहा वर्षांनी सुधारलेल्या आवृत्तीत स्वतःच ते मागे घेतलं. शरीरात अमिनो आम्लांचा फिरता साठा काही तास टिकतो. सकाळी भाकरी आणि संध्याकाळी डाळ खाल्ली तरी काम भागतं. कळण्यात ते एकाच गिरणीत उरकतं, एवढंच.

पण उडदात हे प्रथिन येतं कुठून? माझं सगळं आश्चर्य इथं एकवटलेलं आहे.

प्रथिनाच्या वजनाचा साधारण सहावा हिस्सा नायट्रोजन असतो. हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, आपण दर श्वासाला तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. त्याचे दोन अणू तिहेरी बंधानं एकमेकांना असे धरून असतात की कोणताही प्राणी किंवा वनस्पती आपल्या बळावर ते सोडवू शकत नाही. माणसानं ते जमवलं विसाव्या शतकात. हाबर आणि बॉश यांच्या पद्धतीनं 1913 साली जर्मनीत कारखाना सुरू झाला. त्याला 400 ते 500 अंश सेल्सिअस उष्णता लागते आणि हवेच्या दीड-दोनशे पट दाब. आज शेतात पडणारं युरियाचं प्रत्येक पोतं त्याच वाटेनं येतं.

उडीद हेच काम साक्रीच्या ओल्या मातीत करतो, पावसाळ्यातल्या साध्या हवेत, कुठलीही भट्टी न पेटवता. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्यानं, फुलं धरायच्या सुमारास, एक रोप खुरप्यानं मातीसकट हळूच उचलून पाहा. मुळं पाण्यात धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतील. त्यातली एक नखानं चिरा. आत लालसर, मांसासारखा गुलाबी रंग दिसला तर समजायचं, गाठ कामावर आहे. हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलेलं आहे.

त्या गाठीत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात. रोप त्यांना साखर पुरवतं, ते रोपाला नायट्रोजनपासून बनवलेला अमोनिया देतात. हेलरीगेल आणि विल्फार्ट यांनी 1886 साली या गाठींचं काम ओळखलं आणि 1888मध्ये बायेरिंक यांनी तो जिवाणू वेगळा काढून दाखवला. जिवाणूंचं नायट्रोजिनेज हे विकर नायट्रोजनचा एक रेणू फोडताना पेशीतल्या ऊर्जेच्या एटीपी या चलनाचे किमान 16 रेणू खर्च करतं. शिवाय ते इतकं नाजूक की प्राणवायूनं बिघडतं. आणि जिवाणूला तर श्वासासाठी प्राणवायू हवाच. या पेचातून वाट काढतं ते गुलाबी द्रव्य. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं नातलग. ते प्राणवायू धरून ठेवतं आणि अगदी मोजून मोजून पुढे देतं. कुबो या जपानी शास्त्रज्ञानं 1939 साली सोयाबीनच्या गाठीतलं हे द्रव्य ओळखलं. 2016 साली अमेरिकेत इम्पॉसिबल फूड्स कंपनीनं मांस नसलेला पण मांसासारखा लाल दिसणारा बर्गर बाजारात आणला. त्याचा तो लाल रंग आणि चव म्हणजे सोयाबीनचं हेच लेगहिमोग्लोबिन, यीस्टकडून बनवून घेतलेलं.

उडदाचा बेवड चांगला, असं शेतकरी म्हणतात, कारण पीक निघाल्यावर मुळं आणि पाला कुजून थोडा नायट्रोजन पुढच्या पिकासाठी मातीत राहतो. पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियमचं संवर्धक गुळाच्या पाण्यातून चोळतात ते याच जिवाणूंची सोय म्हणून. हुलगा, मठ, तूर, हरभरा, भुईमूग, सगळे याच वाटेचे वाटसरू.

पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात. तिथल्या कोकणी आणि भिल्ल पाड्यांवर नागलीची भाकर आणि उडदाची डाळ हे जेवण. नागलीत प्रथिन कमी, 100 ग्रॅमला 7 ग्रॅमच. पण कडधान्यांत जे मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल तोकडं पडतं ते नागलीच्या प्रथिनात चांगलं असतं. वर 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. दुधात ते 120च्या आसपास. नागलीतलं सगळं अंगी लागत नाही हे खरं, तरी दूध सोडणाऱ्यानं या धान्याकडे डोळेझाक करू नये.

आता दिवसाचा हिशेब. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिन लागतं. आहार मुख्यतः धान्यावर असेल तर 1 ग्रॅम धरावं. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम. शंभर-शंभर ग्रॅम पिठाच्या दोन कळण्याच्या भाकरी 25 ग्रॅम देतात. कच्ची 50 ग्रॅम डाळ साडेअकरा. ठेच्यातले आणि वरून खाल्लेले मिळून 30 ग्रॅम शेंगदाणे 7. रात्री 50 ग्रॅम बेसनाचे डुबुक वडे रश्श्यात सोडले तर 11, आणि मूठभर मठाची उसळ 5. झाले साठाच्या जवळ, पावडरीचा डबा न उघडता. व्यायाम करणाऱ्यानं, गरोदर बाईनं किंवा वाढत्या मुलानं डाळीचा वाटा आणखी वाढवावा. सोयाबीनच्या वड्यांत कोरड्या वजनाच्या निम्मं प्रथिन असतं, घाईच्या दिवशी त्या कामी येतात.

एक गोष्ट मात्र या ताटात नाही, बी-12 जीवनसत्त्व. जगात ते फक्त काही सूक्ष्मजीव बनवतात. आणि गंमत अशी की उडदाच्या गाठीतल्या जिवाणूंनाही ते लागतं, ते स्वतःपुरतं तयार करतात. त्याच्या केंद्रस्थानी कोबाल्टचा अणू असतो, म्हणून कडधान्याच्या पिकाला मातीतून लेशमात्र कोबाल्ट हवं. पण रोपाला स्वतःला बी-12ची गरज नसल्यानं ते दाण्यात उतरत नाही. तेव्हा दूध, अंडी, मांस सगळं सोडलेल्या माणसानं डाळ कितीही खाल्ली तरी बी-12ची गोळी डॉक्टरांना विचारून नियमित घ्यायलाच हवी. कमतरता वर्षानुवर्षं कळत नाही, आणि कळते तेव्हा हातापायांना मुंग्या यायला लागलेल्या असतात.