वार्धक्यशास्त्र, कुटुंब-अध्ययन आणि सीमाभागातील समाजकार्य

दोन शाखा
वयाबरोबर शरीर, मन आणि समाजातील स्थान यांत होणाऱ्या बदलांचा अभ्यास म्हणजे वार्धक्यशास्त्र. या शास्त्राला १९०३ मध्ये एली मेचनिकोव्ह यांनी स्वतंत्र नाव दिले. कुटुंब-अध्ययन घरातील नाती, मिळकत, निर्णयाचा अधिकार आणि सेवेची वाटणी तपासते. समाजकार्यात दोन्हींची जोड लागते, कारण वृद्धांची अडचण क्वचितच केवळ शरीराची किंवा केवळ घराची असते.

नात्यांची गुंतागुंत
इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात नातेव्यवस्थेचे प्रादेशिक विभाग मांडले. त्यांत महाराष्ट्र मध्य विभागात आणि कर्नाटक दक्षिण विभागात येतो. कर्नाटकातील बेळगाव-निपाणी हा मराठीभाषक सीमाभाग या दोहोंच्या सांध्यावर आहे. मामाच्या मुलीशी लग्न झाले की सुनेची सासू तिची आत्याच असते. मामा-भाचीच्या लग्नात तर सासू म्हणजे आईची आई. अशा घरात सेवेवरून वाद झाला, तर तो सासर-माहेर असा वेगळा काढता येत नाही. म्हणून कार्यकर्ता आधी तीन पिढ्यांचा नात्यांचा आराखडा काढतो आणि मगच सल्ला देतो.

निपाणीतील विडी कामगार
या दोन्ही शाखांच्या जोडशिक्षणाची खरी कसोटी इथे लागते. निपाणी ही तंबाखूची जुनी बाजारपेठ. मांडीवर सूप घेऊन विड्या वळण्यात येथील कित्येक स्त्रियांची हयात जाते. मान खाली, पाठ वाकलेली, बोटांची टोके सतत घासलेली. कर्मचारी पेन्शन योजनेत नोंद असलेल्यांना निवृत्तिवेतन मिळते. २०१४ पासून त्याची किमान रक्कम दरमहा १,००० रुपये आहे. ते चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि नेमका तिथे अंगठ्याचा ठसा जुळत नाही. वयाबरोबर त्वचेची लवचिकता घटते आणि कष्टाने रेषा झिजतात, ही शरीराची बाजू झाली. चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आता आहे. मात्र आजीला केंद्रावर लेक नेणार की नातू, आणि आलेले पैसे कोणाच्या हाती राहणार, हे घर समजल्याशिवाय कळत नाही.

कायद्याची चौकट
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार पोटगीसाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. वृद्धाने अधिकार दिल्यास संस्थाही अर्ज करू शकते. पोटगीची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे. आदेशाने पैसे मिळतात, जिव्हाळा मिळत नाही. त्यामुळे समेटाची वाट आधी चाचपून पाहणे हेच शहाणपणाचे.

कामाची क्षेत्रे आणि मर्यादा
रुग्णालयातील समाजसेवा विभाग, वृद्धाश्रम, स्वयंसेवी संस्था आणि १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन येथे हे शिक्षण उपयोगी पडते. सीमाभागात एक उणीव मात्र पदवीने भरून निघत नाही. सरकारी कारभार कन्नडमध्ये चालतो आणि मराठी शाळेत शिकलेल्या वृद्धांना ती लिपी वाचता येत नाही. इथे काम करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने कन्नड वाचन-लेखन शिकलेच पाहिजे.