गुरुजींना ट्रेकर केलं

गुरुजी आषाढात गेले. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपर्यंत सगळ्यांचे हात जोडून झाले. त्यामागोमाग एक लिंक आली, माहिती आजच भरा म्हणून. दुसऱ्या दिवशी शेंडीच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. मागे रतनगडाचं नेढं, पुढे काठी घेतलेले गुरुजी, खाली ‘निसर्गप्रेमी, दुर्गप्रेमी, ट्रेकर्सचे वाटाडे’. उभी हयात खडूत गेलेला माणूस, पण फ्लेक्सवर शिक्षक म्हणून कुठे उल्लेख नाही. मला ते झोंबलं.

भंडारदऱ्याच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीत त्यांची जिल्हा परिषदेची शाळा. खडू-फळा मोहीम १९८७ मध्ये निघाली आणि एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक मिळू लागला. त्या लाटेत मी १९८९ मध्ये तिथे जाऊन पडलो. मोहिमेतून नकाशे आले, पृथ्वीचा गोल आला. दुसरी खोली यायला बराच काळ गेला. त्याआधीच्या माझ्या नोकरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. १९९९ च्या बदलीनंतरच्या वर्षांबद्दल तर त्याहून नाही. अहवाल लिहिले, पगार घेतला, निवृत्त झालो. नोकरी केली म्हणावी ती मधल्या दशकात.

गुरुजी फार चालायचे, पण त्यात हौस कमी आणि नाइलाज जास्त होता. पोरं शाळेत येत नसत, म्हणून मास्तर पोरांकडे जायचा. आषाढात आवणी सुरू झाली की निम्मा पट चिखलात. गुरुजी इरलं घेऊन बांधावर उभे राहात, तिथेच हजेरी घेत, पाढे म्हणवून घेत, आणि पाढ्यांच्या तालावर स्वतःही चार मुठी रोपं लावत. मी छत्री धरून उभा. बायका हसायच्या.

होळीच्या पुढे सगळी वाडी बाळहिरड्याला रानात. मग शाळाही रानात. हिरडा घ्यायला येणाऱ्या एका व्यापाऱ्याचा काटा मारका होता. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? गुरुजींनी राजूरच्या बाजारातून खरी वजनं उसनी आणली आणि चौथीला किलो-ग्रॅमचा धडा त्या काट्यावरच शिकवला. पोरांनी काट्यात किती जातं ते आईबापांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. पुढच्या पंधरवड्यात गुरुजींना ‘कारणे दाखवा’ आली: शाळा बुडवून मुलांना मजुरीला लावतात, अशी तक्रार आहे. उत्तर मी लिहिलं, कारण गुरुजींचं अक्षर त्यांना स्वतःलाही वाचता येत नसे. साहेबांनी ते उत्तर फायलीला लावलं. आदर्श शिक्षक पुरस्काराचा प्रस्ताव दर वर्षी मागवला जायचा तेव्हा ती फाईल बरोबर वर यायची. त्या दहा वर्षांत तो पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांतले काही जण आपल्या शाळेच्या गावात कधी मुक्कामालाही राहिले नव्हते. असो.

भूगोल घाटघरच्या कड्यावर व्हायचा. इकडे पडलेला थेंब कोकणात उतरून पश्चिमेच्या समुद्राला जातो. तिकडे पडलेला प्रवरेत. ती रतनगडाखाली उगम पावते, भंडारदऱ्याला अडते, पुढे अकोले, संगमनेर करत टोक्याजवळ गोदावरीला मिळते. मग गुरुजी विचारायचे, १९२६ मध्ये बांधून झालेल्या या धरणाचं पाणी कोणाच्या उसाला जातं? पोरं बोट करून पूर्वेकडे दाखवायची. आणि तुमच्या आया वैशाखात झऱ्यावर वाटीवाटीने हंडा का भरतात? हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तरही पोरांनी ज्याचं त्याने शोधायचं.

एका भाद्रपदात मोठ्या मुलांना घेऊन आम्ही हरिश्चंद्रगडावर गेलो. सकाळी कोकणकड्यावर ऊन पाठीशी, समोर दरीत धुकं, आणि त्या धुक्यावर आमच्याच सावल्यांभोवती पुरतं गोल इंद्रधनुष्य. इंद्रवज्र. कर्नल साइक्सने याच परिसरातून पाहिलेल्या अशा वर्तुळाचं वर्णन १८३५ मध्ये छापलं, हे गुरुजींना ठाऊक होतं. ते त्यांनी सांगितलं, पण नंतर. आधी प्रत्येक पोराला हात हलवायला लावला. वर्तुळाच्या मधोमध प्रत्येकाला स्वतःचंच डोकं दिसत होतं. असं का, यावर पोरं खाली उतरेपर्यंत भांडली. प्रकाशाचा धडा मी पुढे अनेक वर्षं शिकवला, भांडण एकदाही झालं नाही.

त्या दशकात मुंबई-पुण्याचे ट्रेकर वाढू लागले. ऐन पावसात एक गट रतनगडाच्या रानात चुकला. गुरुजी आणि वाडीतले दोन ठाकर रात्री तीन सेलची बॅटरी घेऊन गेले, पहाटे सगळ्यांना खाली आणलं, आमच्या वर्गात निजवलं, नाचणीची भाकर खाऊ घातली. काही महिन्यांनी त्या ट्रेकरांचा अंक पोस्टाने आला. त्यात धुक्याला दोन परिच्छेद होते. गुरुजी ‘एक स्थानिक गावकरी’ झाले होते आणि ठाकर मुळीच नव्हते. अशाच मंडळींना आता गुरुजी आपलेसे वाटू लागलेत.

१९८६ मध्ये या परिसराचं अभयारण्य जाहीर झालं होतं. राबासाठी फांदी तोडली की गार्ड आणि गावकरी समोरासमोर. दोघेही तंटा घेऊन शाळेत यायचे. गुरुजी गार्डसमोर गावाची बाजू मांडत आणि गार्ड गेला की शेकरूचं घरटं असलेलं झाड तोडणाऱ्याला फैलावर घेत. त्यामुळे दोन्हीकडून शिव्या खात.

आता मेअखेरीला काजव्यांसाठी गाड्यांच्या रांगा लागतात. तंबूवाल्यांत आमचेच विद्यार्थी आहेत. चार पैसे मिळतात, नाशिकला द्राक्षाच्या मजुरीला जावं लागत नाही. त्यांच्या पोटावर पाय आणणारा मी कोण? पण पंचाहत्तरी ओलांडलेले गुरुजी रस्त्यात उभे राहून दिवे घालवायला सांगायचे. नर चमकतो तो मादीला बोलवायला, तुमच्या झोतात तिला तो दिसायचा कसा, हे गाडीगाडीशी जाऊन समजावायचे. कोणी काच खाली घ्यायचं, बरेच जण मोबाइल वर करायचे.

आणि शाळा? पट एक आकडी झालाय. पुन्हा एकच शिक्षक, त्याचे हात मोबाइलला बांधलेले. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करायची भाषा २०२३ पासून चालू आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला घरापासून एक किलोमीटरच्या आत शाळा, हा हक्क २००९ च्या कायद्याखालच्या नियमांनी दिला. आमच्या वाड्यांमध्ये तो किलोमीटर ओढ्यानाल्यांतून जातो, हे नकाशावर दिसत नाही. मुलांना बांधावर न्यायचं म्हटलं तर आज परवानगीचा अर्जच आधी करावा लागेल.

परवा फोन आला. रतनवाडीच्या रस्त्यावर गुरुजींच्या नावाने सेल्फी पॉइंट करायचाय, कठडा आणि पाटी, वर्गणी द्या. मी नाही म्हणालो. रिकाम्या असलेल्या दुसऱ्या शिक्षकाच्या जागेसाठी पंचायत समितीत अर्ज घेऊन जाणार असाल तर पहिली सही माझी, जाण्यायेण्याचा खर्चही माझा, असं सांगितलं. कळवतो म्हणाले.