विश्लेषण : कमी खर्चात ऑफ-रोड गाडी तयार करताय? मागच्या डिफरन्शियलसाठी कोणता लॉकर योग्य?

पाऊस सुरू झाला की लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या बाजूला किंवा पवना धरणाच्या काठाने तुंग-तिकोन्याकडे निघालेल्या गाड्यांत एक दृश्य हमखास दिसते. फोर बाय फोरचा लिव्हर ओढलेला असतो, इंजिन ओरडत असते, दोन चाके जागच्या जागी गरगरत असतात आणि उरलेली दोन घट्ट दगडावर स्वस्थ उभी असतात. गाडी मात्र तसूभरही हलत नाही. मग दोरी काढली जाते आणि कुणीतरी सल्ला देतो, ‘मागे लॉकर टाकून घे.’ सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. लॉकरचे प्रकार अनेक आहेत. चिखलातून बाहेर काढणारा प्रत्येक लॉकर परतीच्या वाटेवर ओल्या खंडाळा घाटात तितकाच चांगला वागतो, असे नाही.

डिफरन्शियल असतो कशासाठी?

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर धरले, तर घाटातल्या १८० अंशांच्या वळणात बाहेरचे चाक सुमारे ४.७ मीटर जास्त चालते. थारसारख्या गाडीच्या चाकाचा घेर अडीच मीटरच्या आसपास असतो. म्हणजे एका वळणात बाहेरचे चाक जवळजवळ दोन फेरे जास्त घेते. दोन्ही चाके एकाच दांड्याला पक्की जोडलेली असतील, तर हा फरक टायर घासून किंवा घसरून भरून निघेल. तो सहज भरून निघावा म्हणून डिफरन्शियल असतो. फ्रान्सच्या ओनेसिफोर पेकर यांनी १८२८ मध्ये वाफेच्या गाडीसाठी त्याचे पेटंट घेतले. आजच्या गाड्यांतही तत्त्व तेच आहे.

मग चिखलात तोच आड का येतो?

साधा, म्हणजे ‘ओपन’ डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. त्यामुळे एका चाकाची पकड सुटली की दुसऱ्यालाही तेवढाच कमी जोर मिळतो. समजा, चिखलातले चाक ३०० न्यूटन-मीटर एवढाच जोर पेलते. मग दगडावरच्या चाकालाही ३००च मिळतो, एकूण ६००. डिफरन्शियल लॉक केला, तर दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात आणि प्रत्येक चाक आपापल्या पकडीनुसार जोर लावते. दगडावरचे चाक १,५०० न्यूटन-मीटर पेलत असेल, तर बेरीज १,८०० होते, म्हणजे तिप्पट. इंजिन तेच, टायर तेच.

फोर बाय फोरमध्येही हीच अडचण येते. आपल्याकडच्या बहुतेक पार्ट-टाइम फोर बाय फोर गाड्यांत लिव्हर ओढल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जोडला जातो, पण प्रत्येक ॲक्सलमधला डिफरन्शियल ओपनच राहतो. आडव्या चरात पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकदम हलके झाले की तीच दोन फिरतात. मागचा डिफरन्शियल लॉक असेल, तर निदान तीन चाके काम करतात.

लॉक मागेच का?

चढावर गाडीचे वजन मागे सरकते, त्यामुळे पकड मागच्या चाकांकडे जास्त असते. पुढचा डिफरन्शियल लॉक केला की स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या शाफ्टच्या सांध्यांवर ताण येतो. पैसे एकाच लॉकरपुरते असतील, तर तो मागेच बसवावा.

पर्याय कोणते?

ढोबळमानाने पाच.

१. ब्रेकवर चालणारी यंत्रणा : मोकळे फिरणारे चाक एबीएसच्या यंत्रणेने दाबून धरले जाते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे जातो. महिंद्रा तिला बीएलडी म्हणते. २०२३ मध्ये आलेल्या मारुती जिम्नीतही याच तत्त्वाची यंत्रणा आहे. ती वेगळी विकत घ्यावी लागत नाही. मात्र चाक आधी फिरावे लागते, ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरावा लागतो आणि लांब चढावर ब्रेक तापतात.

२. लिमिटेड स्लिप : हा पूर्ण लॉक होत नाही, जोराची वाटणी थोडी सुधारतो. ओल्या रस्त्यावर उपयोगी, पण एक चाक हवेत गेले की बराचसा हतबल ठरतो.

३. आपोआप लॉक होणारा मेकॅनिकल डिफरन्शियल : ईटन कंपनीचा हा प्रकार महिंद्रा ‘एमएलडी’ नावाने देते. दोन चाकांच्या वेगात मिनिटाला साधारण १०० फेऱ्यांचा फरक पडला की तो लॉक होतो. गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या पुढे गेला की तो लॉक होऊ दिला जात नाही. चालकाला बटण दाबावे लागत नाही आणि घाटातल्या नेहमीच्या वळणांवर तो साध्या डिफरन्शियलसारखाच वागतो.

४. ‘लंचबॉक्स’ प्रकारचा ऑटोमॅटिक लॉकर : जुन्या डिफरन्शियलच्या खोक्यातले स्पायडर गिअर काढून त्या जागी हा बसवतात. क्राउन-पिनियनचे सेटिंग हलवावे लागत नाही, म्हणून मजुरी कमी. नंतर बसवायच्या लॉकरमध्ये सर्वांत स्वस्त मार्ग हाच. हा एरवी लॉक असतो आणि वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरू लागले की त्या बाजूने सुटतो.

५. हवा तेव्हाच लावायचा लॉकर : हवेच्या दाबावर, विजेवर किंवा लिव्हरने चालणारा. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीचा ‘एअर लॉकर’ यातला सर्वांत ओळखीचा. बंद असताना गाडी पूर्ण साधी, चालू केल्यावर मागची चाके शंभर टक्के जोडलेली. खर्च सर्वांत जास्त.

काही गॅरेजांत सहावा ‘पर्याय’ही सुचवला जातो : स्पायडर गिअर वेल्ड करून टाकणे. अशी गाडी प्रत्येक वळणावर टायर घासते आणि शाफ्टला पीळ देते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी हा विचारच सोडून द्यावा.

मावळात कोणता लॉकर अंगाशी येऊ शकतो?

लोणावळ्यात पावसाळ्यात साधारण चार हजार मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. इथल्या वाटांवर लाल चिखल, शेवाळलेला कातळ, ओढ्यातले गोटे आणि भातखाचरांच्या बांधालगतचे तिरके उतार, सगळे काही किलोमीटरच्या अंतरात भेटते. आणि या वाटांवर पोहोचायला व परतायला जुना मुंबई-पुणे महामार्ग, द्रुतगती मार्ग किंवा घाट ओलांडावाच लागतो.

लंचबॉक्स लॉकरची खरी परीक्षा इथे होते. ओल्या वळणात ॲक्सिलरेटर दाबला की दोन्ही मागची चाके एकदम जोर लावतात आणि दोन्हींची पकड एकदम सुटली, तर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाते. ॲक्सिलरेटर अचानक सोडला तरी गाडी ओढ बदलते. जिप्सी किंवा जुन्या जीपसारख्या आखूड गाडीत हा झटका जास्त जाणवतो. सवय झालेला चालक तो सांभाळतो, पण घरातली इतर माणसेही तीच गाडी चालवत असतील तर विचार करावा.

तिरक्या उतारावर तर कोणताही लॉक त्रास देऊ शकतो. ओपन डिफरन्शियलमध्ये एक चाक फिरते, पण दुसरे जमीन धरून राहते आणि गाडीचा माग टिकतो. लॉक असताना दोन्ही चाके फिरली, तर गाडीची शेपटी उताराकडे सरकते. बांधावरून जाताना लॉक काढता येणे हा म्हणूनच मोठा फायदा.

त्यामुळे निवड अशी करता येईल. गाडी रोजच्या वापराची असेल आणि ऑफ-रोड अधूनमधून, तर कारखान्यातून एमएलडी घेऊन आलेली जुनी गाडी शोधणे सर्वांत किफायतशीर. दर आठवड्याला अवघड वाटा करायच्या असतील, तर पैसे साठवून हवा तेव्हाच लावायचा लॉकर घ्यावा. लंचबॉक्स अशा जुन्या जीपसाठी ठीक, जी रोज घाटात जात नाही आणि एकाच हातात असते.

कोणत्या गाडीत लॉक आधीच मिळतो?

महिंद्राने २०१५ च्या सुधारित थारपासून मागच्या मेकॅनिकल लॉकचा पर्याय दिला. २०२० च्या थारमध्ये प्रकारानुसार एमएलडी किंवा बीएलडी आहे. २०२४ च्या थार रॉक्सच्या फोर बाय फोर आवृत्तीत विजेवर चालणारा मागचा लॉक आहे. मुख्यालय आकुर्डीत असलेल्या फोर्स मोटर्सच्या २०२१ च्या गुरखाला तर पुढे-मागे दोन्हीकडे लॉक आहेत.

कमी बजेटमध्ये दुर्लक्षित राहणारे नाव म्हणजे बोलेरो निओचा एन १० ऑप्शन प्रकार. ती फोर बाय फोर नाही, पण मागच्या चाकांवर चालते आणि तिला मेकॅनिकल लॉक आहे. वाडी-वस्तीच्या चिखलाच्या चढापुरती गरज असेल, तर तेवढे अनेकदा पुरते.

जुनी गाडी घेताना काय तपासावे?

‘लॉकवाली आहे’ एवढ्या बोलण्यावर जाऊ नये. मागची दोन्ही चाके उचलून, गिअर न्यूट्रल ठेवून एक चाक हाताने फिरवले आणि दुसरे उलट फिरले तर डिफरन्शियल ओपन, अशी गॅरेजमधली जुनी चाचणी आहे. पण एमएलडी या चाचणीत खात्रीने ओळखता येत नाही. हाताने सावकाश फिरवताना तो ओपनसारखाच वागतो. म्हणून गाडीचा नेमका प्रकार चेसिस क्रमांकावरून अधिकृत सेवा केंद्रात विचारून घ्यावा.

जुन्या जीपमध्ये ॲक्सल बदललेला असण्याची शक्यता मोठी. लॉकर मागवण्यापूर्वी घरात कोणता ॲक्सल आहे, शाफ्टवर किती स्प्लाइन आहेत आणि क्राउन-पिनियनचे गुणोत्तर किती, हे उघडून मोजावे. एका स्प्लाइनचा फरक असला तरी आलेला महागडा लॉकर बसत नाही. लंचबॉक्स घ्यायचा असेल, तर जुने खोके आणि त्यातली पिन झिजलेली नसावी, कारण सगळा भार त्यांच्यावरच येतो.

खर्च कसा मांडावा?

फक्त लॉकरची किंमत विचारली की हिशोब चुकतो. पूर्ण लॉकर बसवताना बेअरिंग, सील आणि गिअर ऑइल नवे लागते. क्राउन-पिनियनचे सेटिंग डायल गेजने करणारा मेकॅनिक लागतो. हे सेटिंग चुकले, तर आधी आवाज येतो आणि मग दात जातात. एअर लॉकरला कंप्रेसर आणि हवेची नळी लागते. शिवाय लॉक असताना एकाच चाकावर ॲक्सलचा सगळा जोर येऊ शकतो. टायर मोठे केलेले असतील, तर सर्वांत आधी शाफ्ट तुटतो. त्याचे पैसे वेगळे ठेवावेत.

आणि लॉकरच्याही आधी चार गोष्टी येतात : चिखलाचे चांगले टायर, हवा कमी-जास्त करण्यासाठी छोटा पंप, पुढे-मागे पक्के ओढण्याचे हुक आणि सोबत दुसरी गाडी. टायरचा दाब ३०-३२ पीएसआयवरून १८-२० वर आणला, तरी कित्येक अडकलेल्या गाड्या स्वतःहून निघतात. महामार्गावर चढण्यापूर्वी हवा पुन्हा भरायची, एवढे लक्षात ठेवावे.

ओढे ओलांडून आल्यावर डिफरन्शियलचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. ब्रीदरची नळी उंचावर नेऊन बांधणे हा काही रुपयांचा उपाय हजारोंचे नुकसान वाचवतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलांत फरक पडेल असा बदल करायला मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू ठाम मांडली. कलम १८२-अ (४) नुसार परवानगीविना बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून बाहेरून लॉकर बसवण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडे लेखी विचारणा करावी. वॉरंटीतल्या गाडीत बाहेरचा लॉकर बसवला, तर ती वॉरंटीही धोक्यात येऊ शकते. कारखान्यातून लॉक असलेली गाडी घेण्याचा हा आणखी एक फायदा.

लॉकर काय करू शकत नाही?

३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पावसाळी पर्यटनावर प्रशासनाने निर्बंध आणले. मावळातले पाणी काही मिनिटांत चढते. लॉकर चाकांना जोडतो, पण चाक जमिनीला टेकलेले असेल तरच त्याचा उपयोग. वाहत्या पाण्यात गाडी उचलली गेली की तो असून नसल्यासारखा. ओढ्याचे पाणी गढूळ होऊन वाढू लागले असेल, तर गाडीत कोणताही लॉकर असो, अलीकडेच थांबावे. वनहद्द किंवा कुणाचे भातखाचर लागले, तरीही तेच करावे. लावणी झालेल्या खाचरात शिरलेली चाके शेतकऱ्याच्या हंगामावरून जातात.